कलरमधला आर

आमच्या स्वैपाकघरातल्या एकूण एक डब्यावर इंग्रजी अक्षरं होती आणि आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिने कधी साखरेच्या जागी मीठ घातलं नाही. तिला अक्षरं वाचता येत नसली तरी ओळखता यायची. "नंदू, तो एक पाय पुढे टाकून उभा असलेला डबा दे गं," असं ती म्हणाली की मी शेवटी आर असलेला डबा शोधायचा. आता शुगरच्या शेवटी आर, मिरीच्या डब्यावर पेपर, त्याच्याही शेवटी आर, आणि रांगोळीच्या डब्यावर कलर, तिथेही हा पाय पुढे टाकून उभा. मग "वरच्या फळीवरचा की खालच्या?" असा आमचा रोजचा वाद. अक्षरं दोन बोटं उंच, निळ्या-काळ्या शाईची, मधेमधे तुटलेली. कापडाच्या गाठींवर मारायची ती अक्षरं मिलमधून आमच्या स्वैपाकघरात कशी आली, तेच सांगायला बसले आहे. माझी मराठी वाचून पुण्याची मावसबहीण नाक मुरडेल. मुरडू दे. आम्ही इंदूरचे, आमच्या तोंडात मराठी, हिंदी आणि शेव एकाच वेळी असते.

माझे वडील, नाना, कपड्याच्या मिलमध्ये ग्रे गोदामाचे क्लार्क होते. ग्रे म्हणजे राखाडी रंग, हे मला फार उशिरा माहीत पडलं. मिलमध्ये ग्रे म्हणजे कोरं कापड. मागावरून नुकतं उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं, पिवळट, खळीचा वास मारणारं. त्या कापडाच्या प्रत्येक गाठीवर पत्र्याचे साचे ठेवायचे, वरून शाईचा ब्रश फिरवायचा आणि जी-आर-ई-वाय उमटवायचं. खरं तर ब्रश मारायला वेगळा माणूस होता. पण तो एकदा घाईत जी-आर-वाय-ई मारून बसला आणि ती गाठ तशीच स्टेशनवर गेली. नाना सायकल मारत तिच्यामागे स्टेशनवर गेले, ती दुरुस्त करून आले, आणि त्या दिवसापासून ब्रश त्यांनी स्वतःकडे घेतला. पूरी मिल त्यांना ग्रेबाबू म्हणायची. तीस वर्षं ते रोज तो एकच शब्द लिहीत होते आणि रोज बरोबर लिहीत होते. माणसाला अभिमान वाटायला एवढं पुरतं, निदान नानांना पुरायचं.

घर मिलच्या भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला नाना दाराबाहेर, दुपारच्या भोंग्याला आई भाताखालचा स्टोव्ह बंद करायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायची कोणाला सवयच नव्हती. मग एके दिवशी मिलच्या गेटवर टाइप केलेली नोटीस लागली. शेकडो माणसं जमलेली, कोणी घोषणा देतंय, कोणी डोकं धरून फुटपाथवर बसलंय. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ग्रेबाबू, पढो तो, क्या लिख्या है?"

नानांनी चष्मा लावला, नोटीस वाचली, परत वाचली. म्हणाले, "लिख्या है, फादर का ऑर्डर आने तक मिल बंद रहेगी."

"किसके फादर का?"

"वो नी लिखा."

टाइप करणाऱ्याने 'फर्दर'च्या जागी 'फादर' ठोकलं होतं. पुढचा हुकूम येईपर्यंत नव्हे, बापाचा हुकूम येईपर्यंत मिल बंद. नानांनी खिशातलं पेन काढलं, त्या रडारडीत शांतपणे ए खोडला, यू आणि आर घातले, आणि घरी आले. पुढचाही हुकूम आला नाही आणि बापाचाही नाही. आमच्याकडे मात्र तो विनोद कित्येक महिने चालला. भाजी काय करायची विचारलं की आई म्हणायची, "फादरची ऑर्डर येऊ दे, मग सांगते." भोंगा गेल्यावर आठवडाभर आमचा भात जळत होता.

मिलमधले कोणी ऑटो चालवायला लागले, कोणी भाजीचा ठेला लावला. नाना घरी बसले. गोदाम रिकामं करताना साहेबांनी त्यांना अक्षरांचे साचे देऊन टाकले होते, "ले जाओ, कबाड में ही जाना है." ए पासून झेडपर्यंत पूर्ण सेट, फक्त एक्स हरवलेला. एवढी अक्षरं हातात, आणि मारायला गाठी नाहीत. मग त्यांनी डबे घेतले. डबे संपले तेव्हा बादली, पाट, माझी छत्री. एक दिवस ते ब्रश घेऊन आईच्या पोळपाटाकडे निघाले तेव्हा ती लाटणं उचलून उभी राहिली. "आता माझ्या कपाळावर वाइफ मारा, म्हणजे झालं!" नाना क्षणभर खरंच विचारात पडल्यासारखे दिसले. मी हसून हसून मेले. आई नाही हसली. मागच्या पडवीत जाऊन तिने डोळे पुसले, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याच सुमारास बाहेरचं सगळं एकदम आत यायला लागलं होतं. गल्लोगल्ली केबलच्या वायरी, पिवळे फोन-बूथ, नवीन बाटल्यांतलं ठंडा. मल्हारगंजात पप्पू भियाच्या (भैयाला आम्ही भिया म्हणतो) वडिलांचं बारदानाचं दुकान होतं, म्हणजे रिकामी पोती विकायचं. भियाने त्याच्या वरच्या मजल्यावर कंप्यूटर सेंटर उघडलं. पाटीवर पेंटरने सेंटरची स्पेलिंग सी-ई-एन-टी-ए-आर अशी रंगवली होती. ती इंग्लंडमध्येही चुकीची आणि अमेरिकेतही. मी कॉलेजात होते, टायपिंगची परीक्षा पास होते, म्हणून भियाने मला ठेवलं. म्हणाला, "दीदी, दिमाग की जरूरत नी है, उंगली चिए." जिन्याखाली चपला काढायच्या, उदबत्ती लावायची, मशीनवरचं भरतकामाचं कव्हर काढायचं, आणि खालून उडणाऱ्या तागाच्या धुरळ्यात शिंकत शिंकत मुलांना शिकवायचं. दोन मशिनी होत्या. त्यातली एकच बोलायची.

बोलायची ती हत्तीमुळे. भियाच्या मेहुण्याने अमेरिकेहून एक सीडी आणली होती, लहान मुलांना स्पेलिंग शिकवायची. पडद्यावर एक हत्ती यायचा, इंग्रजीत प्रश्न विचारायचा, खाली चौकोन दिसायचे. एकेका चौकोनात एकेक अक्षर टाइप करायचं. बरोबर आलं की हत्ती सोंड वर करून असा चीत्कार करायचा की खालची पोती हलावीत, आणि म्हणायचा, "ग्रेट जॉब, हनी!" चुकलं की चिखलात बसून रडायचा. "उप्स! ट्राय अगेन, हनी!" मुलांनी त्याचं नाव हनी हत्ती ठेवलं. काही कार्टी त्याला रडवायला मुद्दाम चुकायची.

एका दुपारी नाना माझा डबा द्यायला आले. पडद्यावर हत्ती विचारत होता, माझा रंग कोणता? खाली चार चौकोन. नानांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चार अक्षरं, आणि तीही त्यांची! खुर्चीत बसून त्यांनी एका बोटाने टाइप केलं. जी. आर. ई. वाय. हत्ती मटकन चिखलात बसला.

"उप्स! ट्राय अगेन, हनी!"

"ईचं बटण खराब आहे," नाना म्हणाले. त्यांनी परत टाइप केलं. हत्ती परत रडला. तिसऱ्यांदा चुकलं की उत्तर आपोआप यायचं, ते आलं. जी-आर-ए-वाय.

"ए?" नाना उभे राहिले. "ग्रेमध्ये ए? आणि हा मला मध का म्हणतो?"

"नाना, अमेरिकेत तसं लिहितात. ते कलरमध्ये यू पण घालत नाहीत."

"यू कुठे जातो मग?"

नाना मशीनकडे वळले आणि मिलमध्ये साहेबाशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "यू आर राँग, सर! ग्रे इज नॉट ईव्हन ए कलर! ग्रे इज क्लॉथ!" हत्ती पापण्या मिचकावत उभा होता. नाना त्याला पाचेक मिनिटं इंग्रजीत झापत होते, आणि शेवटी त्यांनी जाहीर केलं की हा प्राणी सुधारेपर्यंत आपण या मशीनला हात लावणार नाही.

आता गंमत बघा. खाली मुलांना न्यायला आलेले पालक उभे होते. त्यांना वरून खडखडीत इंग्रजी ऐकू आलं. "भिया, ये ऊपर अंग्रेजी में कौन बोल रिया है? नए सर आए क्या?" पप्पू भिया जिना चढून वर आला, नानांना बघितलं, आणि तिथल्या तिथे म्हणाला, "नानाजी, कल से आ जाओ. स्पेलिंग सर. अभी ट्रायल पे, जम गया तो पक्के." अशी माझ्या वडिलांना, मिल बंद झाल्यावर दीड वर्षाने, हत्तीशी भांडल्याबद्दल नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीची पँट घालून, जुन्या भोंग्याच्या बरोबर वेळेला दाराबाहेर पडले. आईने त्यांच्या डब्यात भुट्ट्याचा कीस घातला, जो आमच्याकडे फक्त दिवाळीच्या आसपास व्हायचा. दाराशी उभी राहून ती म्हणाली, "अहो, हत्तीशी जरा बेताने घ्या." किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला होता. मला वाटलं, आता असंच राहू दे. देवा, बाकी काही देऊ नको, एवढं राहू दे.

नाना मुलांकडून घोकून घ्यायचे. "जी-आर-ई-वाय ग्रे, ग्रे माने कोरा कपडा! सी-ओ-एल-ओ-यू-आर कलर, कलर माने रंग!" पंधरा मुलं चालीवर ओरडायची, खालचे हम्माल पोती उचलताना त्याच चालीवर गुणगुणायचे. मग मुलं हत्तीसमोर बसायची आणि हत्ती रडायचा. मुलं हुशार, त्यांनी दोन्ही पाठ केलं. "दीदी, ये सर वाली लिखूं के हत्ती वाली?" पालक मात्र बिथरले. एवढी महागाची मशीन, अमेरिकेची, ती कशी चुकेल? नानांनी हत्तीच्या चुकांची यादी केली आणि सीडीच्या डबीवरचा पत्ता बघून अमेरिकेला पत्र पाठवलं. मीच टाइप केलं होतं, म्हणून पहिलं वाक्य अजून पाठ आहे. "रिस्पेक्टेड सर, युवर एलिफंट हॅज बीन मिसइन्फॉर्म्ड."

आणि मग एका मॅडमचं यायचं ठरलं. तेव्हा सोयाबीनच्या पैशावर नवीन नवीन इंग्रजी शाळा उघडत होत्या आणि प्रत्येकीच्या नावात कॉन्व्हेंट असायचं. नन एकीतही नव्हती. त्यातल्या एका शाळेच्या प्रिन्सिपल मॅडम शनिवारी सेंटर बघायला येणार होत्या. आवडलं तर पूर्ण शाळेची मुलं आमच्याकडे. भियाने नानांना बाजूला घेतलं. "नानाजी, शनिवार को हत्ती रोना नी चिए. हत्ती रोया तो मैडम गई. मैडम गई तो आपको किस मूं से रखूं? हत्ती हंसा तो आप पक्के, जबान देता हूं."

"तर मग हत्तीला सांग, बरोबर स्पेलिंग शिक म्हणून," नाना मराठीतच म्हणाले आणि वर्गात गेले.

मला माझे वडील ठाऊक होते. ते मॅडमसमोर मुलांना ए लिहायला सांगणार नाहीत. सोमवारी ते परत घरी बसतील, आणि आई परत पडवीत जाईल. म्हणून मी एक उद्योग केला. मशीनमध्ये इकडेतिकडे बघताना मला ती शब्दांची फाइल सापडली होती. साधी यादी, ज्यात हत्तीला सगळी उत्तरं लिहून दिलेली. शुक्रवारी नाना यायच्या आधी मी ती उघडली. ग्रेमधला ए काढला, ई घातला. कलरमध्ये यू घातला. असे दहा-बारा शब्द इंग्लंडला पोचवले आणि फाइल बंद केली. तपासून फक्त ग्रे पाहिला. बाकीचे पाहिले नाहीत. का नाही पाहिले, नंदे? आज पन्नाशी उलटली तरी स्वतःला विचारते. घाई होती, दुसरं काय.

त्या दुपारी चिनूने, म्हणजे शेजारच्या नमकीनवाल्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, सरांची स्पेलिंग टाइप केली आणि हत्ती हसला. सोंड वर, चीत्कार, "ग्रेट जॉब, हनी!" नाना जागच्या जागी थांबले. मग माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नंदू! पत्र पोचलं वाटतं!"

मी म्हटलं, "हो नाना, पोचलं असेल." घरी जाताना त्यांनी जिलेबी घेतली. आईला सांगितलं, "अमेरिकेने दुरुस्ती केली. माणसं चांगली आहेत, फक्त सांगायला कोणी नव्हतं." आई माझ्याकडे बघत राहिली. तिला फसवणं सोपं नव्हतं.

शनिवारी मॅडम आल्या. कडक स्टार्चची साडी, अत्तराचा घमघमाट, आणि जिन्याखाली चपला काढायला लावल्यामुळे अनवाणी. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, दोनदा शिंकल्या. चिनू मशीनसमोर. पहिला प्रश्न, माझा रंग कोणता? चिनूने जी-आर-ई-वाय केलं, हत्ती चीत्कारला, मॅडम दचकल्या आणि हसल्या. भियाने मला डोळ्याने शाबासकी दिली. नाना हात मागे बांधून ताठ उभे होते.

दुसरा शब्द आला कलर. मी चौकोन मोजले. चौकोन पाच होते. अर्थातच पाच, अमेरिकेचा कलर पाच अक्षरांचा. मी यादीत यू घुसवला, पण चौकोन थोडेच वाढणार होते? चिनूने सी टाकला, ओ, एल, ओ, यू. चौकोन संपले. तिने आर दाबला, मशीन नुसतंच टुं म्हणालं. चौकोनांतली पाचही अक्षरं यादीशी जुळली होती, हत्तीला तेवढं पुरे. आणि त्या मूर्ख जनावराने सोंड वर केली, गल्ली दणाणून सोडली, "ग्रेट जॉब, हनी!" पूर्ण पडद्यावर रंगीत अक्षरं नाचायला लागली. सी-ओ-एल-ओ-यू. कलऊ.

"सर," चिनू म्हणाली, "आर कां गया?"

मॅडमनी चष्मा काढला. "ये कौन सी स्पेलिंग है?" भियाने नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे. माझं तोंड बघून त्यांना सगळं समजलं. पत्र पोचलं नव्हतं, हेही समजलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते एक पाऊल पुढे आले आणि घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, इन ब्रिटिश इंग्लिश, द फायनल आर इज सायलेंट."

मॅडमनी चष्मा परत लावला. "येस, येस. ऑफ कोर्स. सायलेंट." आणि पप्पू भियाला म्हणाल्या, "आपके यहां का स्टँडर्ड अच्छा है."

शाळा मिळाली, नाना पक्के झाले. भियाने कचोऱ्या मागवल्या. नानांनी त्यातली एकही खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पोहे केले, वर शेव घातली, आणि नानांनी जीरावनच्या डब्याला हात न लावता ते खाल्ले. जीरावन म्हणजे आमचा इंदुरी मसाला, तो पोह्यांवर नाही टाकला तर माणूस आजारी आहे असं धरतात. "ताप आहे का?" आईने विचारलं. "नाही." "मग काय आहे?" "काही नाही. एक अक्षर आहे," नाना म्हणाले आणि हात धुवायला उठले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

आठवड्याने ते सेंटरला जायला निघाले आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आले. मला म्हणाले, "चल." साच्यांच्या पेटीतून आर काढला, शाईची डबी घेतली, ब्रश घेतला. त्या शाळेच्या गेटवर मोठा कापडी बॅनर लागला होता, मुलांच्या रंगभरण स्पर्धेचा. लाल हातभर अक्षरांत कलऊ कॉम्पिटिशन. मॅडमनी स्वतः चिठ्ठीवर लिहून दिलं असणार, पेंटर बिचारा काय करणार.

बॅनर बांधणाऱ्याची शिडी अजून तिथेच होती. मी ती धरली, नाना चढले. हातभर उंच अक्षरांच्या शेजारी त्यांनी आपला दोन बोटांचा साचा ठेवला आणि ब्रश मारला. लाल अक्षरांच्या रांगेत तो निळा इवलासा आर, लग्नाच्या फोटोत मधेच घुसलेल्या पोरासारखा. मला हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात मागे गाडी थांबली. मॅडम उतरल्या, आणि स्पर्धेला मुलांना घेऊन आलेले आई-बापही जमायला लागले.

"सर! ये क्या कर रहे हैं? आपने ही तो बोला था, सायलेंट है!"

"बोलने में सायलेंट है, मॅडम," नाना शिडीवरूनच म्हणाले. "लिखना तो पडता है." मग थोडं थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उस दिन मैं झूठ बोला. मशीन में गडबड मैंने की थी. बच्चों को गलत मत सिखाइए."

मी खाली शिडी धरून उभी होते. गडबड त्यांनी केली नव्हती, मी केली होती. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. शिडी घट्ट धरून गप्प राहिले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मॅडमची शोभा झाली होती भर रस्त्यात, त्यांनी शाळा काढून घेतली. संध्याकाळपर्यंत भिया रडकुंडीला आला. "नानाजी, आपके पांव पडता हूं, पर बाबूजी नी मान रिये." बाबूजी म्हणजे भियाचे वडील; त्यांनी नानांना काढायला सांगितलं होतं. नाना म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मी म्हटलं, नाना, मी सांगते भियाला, मी केलंय. त्यांनी मला जिन्यातच थांबवलं. "गप्प बस. तुझा आत्ता कुठे हात बसलाय त्या मशीनवर. माझा ब्रशवर बसलेला आहे." त्या मशीनवर बसलेल्या हातावर मी पुढे सगळं आयुष्य काढलं, माझं लग्न, आईचं आजारपण, सगळं त्यावर निभावलं. हल्ली माझा फोनही मी ग्रे लिहिलं की ई काढून ए घालतो. मी दर वेळी परत ई घालते.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. मुलं गेली होती. नाना खुंटीवरची छत्री घ्यायला वर आले. मी मशीनवर कव्हर घालत होते.

"तो आता परत पहिल्यासारखा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मी जुनी यादी घातली परत."

ते खुर्चीत बसले. "लाव जरा."

मी हत्ती लावला. माझा रंग कोणता? चार चौकोन. नानांनी बोट पँटला पुसलं. जी दाबला. आर दाबला. मग बोट ईवर जाऊन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी ते उचललं, शोधून शोधून ए दाबला, आणि वाय.

हत्तीने सोंड वर केली. "ग्रेट जॉब, हनी!"

"तीस वर्षं बरोबर मारलं गं मी," नाना म्हणाले. "असं कोणी म्हटलं नाही कधी."

मग त्यांनी हळूच विचारलं, "परत म्हणेल का तो?"

मी उठले, खिडकी उघडली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि हत्ती परत लावला.